पत्र्यावरचा पाऊस

जुलैत आमच्या वाडीवर पावसाने जोर धरला की वर्गात काही म्हणजे काही ऐकू येत नाही. छप्पर पत्र्याचं. फळ्यापाशी उभी राहून कितीही ओरडले तरी दुसऱ्या रांगेपर्यंत आवाज पोचत नाही. मग मी बोलणं सोडून देते. चित्रं काढते, हातवारे करते, बोटं दाखवून बेरजा करून घेते. पहिलीतला एक पोरगा त्या दिवसांत अगदी शहाण्यासारखा बसायचा. पाऊस उघडला की मात्र जेवणाच्या सुट्टीपर्यंत त्याने कुणाला तरी चावलेलं असायचं.

हे दोन आणि दोन चार माझ्या डोक्यात जुळायला तीन आठवडे गेले.

आमची वाडी कर्जतहून कशेळ्याकडे, भीमाशंकरच्या डोंगराच्या दिशेने जाताना लागते. वस्ती कातकऱ्यांची, शाळा दोनशिक्षकी. त्याआधी मी नऊ वर्षं खालापूर तालुक्यात, चौकच्या बाजूला होते. तिथला एक मुलगा अजून माझ्या डोळ्यांसमोरून हलत नाही. पहिलीत असताना तो पाट्या फोडायचा, पोरींच्या वेण्या ओढायचा. मी म्हणायचे, लहान आहे, वयाने शहाणा होईल. तिसरीत मी त्याला कोपऱ्यात एकटं बसवायला लागले, म्हणजे बाकीच्यांना शिकवता येईल. पाचवीत त्याच्या दगडाने एका पोराचं कपाळ फुटलं, पालकांची भांडणं झाली आणि तो शाळेत यायचा बंद झाला. पुढे चौदा-पंधराव्या वर्षी तो मला नाक्यावर भरदुपारी प्यायलेला दिसला. मला पाहून ‘बाई’ म्हणाला आणि मान खाली घातली. पहिलीचं अख्खं वर्ष तो माझ्या हाताखाली होता. तेव्हा मी काही केलं नाही, ही माझी चूक आहे आणि ती मी विसरू शकत नाही.

म्हणून या पोराच्या तक्रारी यायला लागल्या तेव्हा पोटात गोळा आला. एक आई मुलीला घेऊन आली, तिच्या दंडावर दातांचे व्रण होते. ‘बाई, या पोराला काढा शाळेतून.’ कुणी सुचवलं, दोन रट्टे द्या, सरळ येईल. शिक्षण हक्क कायद्याच्या १७व्या कलमाने मारायला बंदी केली ती २००९ साली. पण मारायचं नाही तर करायचं काय, हे पहिलीच्या बाईला कुणी बसून समजावत नाही.

पाऊस उघडल्यावर एका सकाळी पोरं चित्रं रंगवत होती. त्याला नीट ऐकू येतं का ते पाहायला मी मागच्या भिंतीशी उभं राहून बिस्किटाच्या पुड्याचा कागद हातात चुरगाळला. सगळ्या माना एकदम मागे वळल्या. त्याची वळली नाही. शेजारच्याने वळताना कोपर लावलं तेव्हा तो दचकला आणि त्याने आधी बुक्की मारली, मग मागे पाहिलं.

त्याला जवळ घेऊन उजेडात कान पाहिले. दोन्हीकडे पू, एकीकडे वाळलेला, एकीकडे ओला. संध्याकाळी त्याच्या घरी गेले. आजी म्हणाली, ‘रांगायचा तवापासून वाहतोय. मी गोडंतेल सोडते ना.’ तिच्या परीने ती इलाजच करत होती. आई-बाप दिवाळीनंतर वीटभट्टीवर जायचे ते पावसाच्या तोंडावर परत यायचे. त्या धुळीत, त्या धुरात या पोराची पहिली पाच वर्षं गेली होती.

कशेळ्याच्या ग्रामीण रुग्णालयात औषधं सुरू झाली. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक शाळेत आलं तेव्हा मी त्याला रांगेत पहिला उभा केला. त्यांनी अलिबागच्या जिल्हा रुग्णालयात जायला सांगितलं. वाडीवरून अलिबाग म्हणजे अख्खा दिवस जातो आणि बापाचा रोज बुडतो. म्हणून एका शनिवारी मीच आजीबरोबर गेले. पाऊणएक महिन्याने कान कोरडे पडले. एका कानाने बरंच ऐकू यायला लागलं, दुसऱ्याने थोडं.

चावणं मात्र थांबलं नाही. हे मी मुद्दाम सांगते आहे, कारण औषधाने सगळं मिटलं असं लिहिलं तर ते खोटं होईल. आपल्याला कळत नाही ते काहीतरी आपल्याविरुद्धच चाललंय आणि मूठ उगारली की लोक बघतात, एवढं तो पाच वर्षांत शिकला होता. त्यात घरची बोली कातकरी आणि पुस्तकाची मराठी. कान उघडला तरी अर्धे शब्द त्याला परकेच होते.

एका प्रशिक्षणात ऐकलेला खेळ मी तेव्हा सुरू केला. १९६९ साली अमेरिकेतल्या एका चौथीच्या वर्गात तो पहिल्यांदा घेतला होता. पुढे १९८५पासून बाल्टिमोर शहरातल्या पहिलीच्या वर्गांत घेतला आणि ती मुलं विशीत येईपर्यंत त्यांच्यावर लक्ष ठेवलं. पहिलीत सगळ्यांत जास्त मारकुटी असलेल्या मुलग्यांना त्याचा फायदा सगळ्यांत जास्त झाला. व्यसनं कमी, मारामाऱ्या कमी. खेळ साधा आहे. वर्गाचे गट पाडायचे, दांडगी पोरं एकाच गटात कोंबायची नाहीत. नियम सगळ्यांना माहीत. कुणी मोडला तर त्याच्या गटापुढे फळ्यावर एक रेघ. दहा मिनिटांत चारपेक्षा जास्त रेघा झाल्या नाहीत तर गट जिंकला, सगळे गटही जिंकू शकतात. बक्षीस म्हणजे पाच मिनिटं अंगणात हुंदडणं. आमच्या गटांना नद्यांची नावं होती, उल्हास आणि पातळगंगा. नियम मी शब्दांत सांगितले नाहीत, चित्रं काढून भिंतीला लावले. त्याला पुढे, बऱ्या कानाच्या बाजूने माझ्याजवळ बसवलं आणि खिचडीच्या ताटल्या वाटायचं काम दिलं.

पहिल्या आठवड्यात उल्हासच्या सगळ्या रेघा त्याच्याच होत्या. पोरं वैतागली. मग एका मुलीने, जिच्या दंडाला तो चावला होता तिनेच, त्याची मूठ वर जाताना पाहिली आणि त्याच्या गुडघ्यावर हात ठेवून भिंतीवरच्या चित्राकडे बोट केलं. त्याने चित्राकडे पाहिलं, तिच्याकडे पाहिलं, मूठ सोडली. मी फळ्याकडे तोंड फिरवलं, कारण मला रडू आलं होतं.

दिवाळी झाली आणि बाप म्हणाला, ‘बाई, सेठची उचल घेतलीय, जावं लागंल.’ पोराला आजीकडे ठेवा म्हणून मी दोन दिवस विनवलं. त्या वर्षी नाही जमलं. भट्टीजवळच्या शाळेत दाखवायचं शिक्षण हमी कार्ड हातात देऊन मी त्याला निरोप दिला. जूनमध्ये परत आला तेव्हा एक कान पुन्हा वाहत होता. पुन्हा कशेळे, पुन्हा औषध. पण चावरेपणा परत आला नाही.

यंदा तो तिसरीत आहे. आई-बाप भट्टीवर गेले आहेत, तो आजीपाशी राहिला आहे.

पहिलीला शिकवणाऱ्या माझ्या मैत्रिणींनो, तपासणीचं पथक तुमच्या शाळेत येईल तेव्हा ज्याच्या तक्रारी सगळ्यांत जास्त आहेत त्या पोराला त्या दिवशी घरी राहू देऊ नका. त्याला रांगेत पहिला उभा करा.