नंबर तोच, पोलाद वेगळं

गावी, अनसिंगला, गेलं की कुणीतरी विचारतंच, “भाऊ, हे छापलेलं लोखंड टिकते काय?” आमचा भाग सोयाबीनचा. ऐन हंगामात मळणीयंत्राचा शाफ्ट तुटला की दिवस बुडतो, म्हणून धातूवर विश्वास टाकण्याआधी माणसं चौकशी करतात. भोसरीत मेटल प्रिंटिंगच्या मशिनवर काम करताना मीही रोज त्याच प्रश्नामागे असतो.

आमची पावडर ३१६ एल स्टेनलेस स्टीलची. त्यात १६ ते १८ टक्के क्रोमियम, १० ते १४ टक्के निकेल आणि २ ते ३ टक्के मॉलिब्डेनम असतं. नेहमीच्या गोल बारमध्येही हेच असतं. फरक पडतो तो घडण्यात. पावडरीचा केसाहून पातळ थर पसरतो, लेसर हवा तेवढाच भाग वितळवतो, आणि तो ठिपका सेकंदाला लाखो अंशांच्या वेगानं थंड होतो. या घाईत धातूच्या आत मायक्रॉनहूनही लहान कप्प्यांचं जाळं गोठतं. ताण आला की हे जाळं धातूला सहज सरकू देत नाही. म्हणून मऊ केलेलं नेहमीचं ३१६ एल साधारण २०० ते २५० मेगापास्कलला कायमचं वाकू लागतं, तर छापलेलं ४५० च्याही पुढे तग धरतं. एरवी ताकद वाढली की पोलाद ठिसूळ होतं. हे मात्र चांगलं ताणलंही जातं. अमेरिकेतल्या लॉरेन्स लिव्हरमोर प्रयोगशाळेच्या संशोधकांनी २०१८ मध्ये हे ‘नेचर मटेरियल्स’मध्ये मांडलं, तेव्हा माझ्या कामाकडे मी नव्या आदरानं पाहिलं.

पण शाफ्ट एका झटक्यात क्वचित तुटतो. लाखो फेऱ्यांनी थकून तुटतो. तिथं छापलेल्या पोलादाची खरी कसोटी लागते. दोन थरांमध्ये पावडर नीट न वितळता एक बारीक पोकळी राहिली, की तडा तिथूनच सुरू होतो. खरखरीत पृष्ठभागही तडा जायला निमित्त देतो. उभा छापलेला आणि आडवा छापलेला तुकडा सारखा वागत नाही. आतला ताण उष्णता देऊन न काढता जॉब, म्हणजे छापलेला भाग, खालच्या प्लेटवरून कापला, तर तो वाकतो. आणि उष्णता फार दिली, तर ते जाळंच विरतं व कमावलेली ताकद उतरते.

गावाकडून या कामात येणाऱ्या पोरांना माझं एवढंच सांगणं आहे: सर्टिफिकेटवरचा नंबर पाहून पोलादाची हमी देऊ नका. ते कसं घडलं ते विचारा, जॉबसोबत चाचणीचे तुकडे छापा, आणि ते तोडून पाहिल्याशिवाय कुणाला शब्द देऊ नका.