नंदी का हलला नाही

‘फ्लॅबरगास्टेड’ म्हणजे आश्चर्यचकित. इतकी वर्षं फळ्यावर हेच लिहीत आलो. ‘सरप्राइज्ड’ आला की त्यापुढेही तेच. औंढ्याजवळच्या आमच्या शाळेत नववीतल्या एका पोरीनं शेवटी विचारलंच, “सर, दोन्हीचा अर्थ एकच, तर मग दोन शब्द कशाला?”

म्हटलं, उद्या सांगतो. मास्तरांचं ‘उद्या’ पोरं ओळखून असतात.

घरी कोश काढला. शब्द छापून आल्याची पहिली नोंद १७७२ची, तीही नव्या फॅशनचा शब्द म्हणून. आला कुठून, ते इंग्रजांनाही धड सांगता येत नाही. यानं पोरीचं समाधान होणार नव्हतं.

दुसऱ्या दिवशी आमच्याच तालुक्यातल्या दुधाळ्याचा विषय काढला. तिथल्या, गुरुत्वीय लहरी टिपण्यासाठीच्या लिगो प्रकल्पात चार-चार किलोमीटरच्या दोन नळ्या काटकोनात असणार आहेत. अशाच यंत्रांनी १४ सप्टेंबर २०१५ला अमेरिकेत दोन कृष्णविवरांच्या टकरीची लहर टिपली. टक्कर झालेली सुमारे १३० कोटी वर्षांपूर्वी.

“त्या लहरीनं नळीच्या लांबीत फरक किती पडला असेल?”

“केसाएवढा?”

“छे.”

“अणूएवढा?”

“अणूच्या पोटात केंद्रक, केंद्रकात प्रोटॉन. त्या प्रोटॉनच्या शंभराव्या हिश्श्याहूनही कमी.”

मागच्या बाकावरचा एकजण, ज्याच्याकडे प्रत्येक गोष्टीला उत्तर तयार असतं, तो आ वासून बसला. जरा वेळानं म्हणाला, “सर, डोस्कंच चालंना.”

“हां! हेच फ्लॅबरगास्टेड. नुसतं नवल वाटलं की माणूस ‘अय्या’ म्हणतो. इथं वाचाच बसते.”

त्यानं लगेच वहीत लिहिलं, ‘लिगो इज व्हेरी फ्लॅबरगास्टेड.’ म्हटलं, यंत्र थक्क होत नाही बाबा, करतं. यंत्र ‘फ्लॅबरगास्टिंग’, तू ‘फ्लॅबरगास्टेड’. आणि ते ‘व्हेरी’ खोड. काठोकाठ भरलेल्या रांजणात आणखी तांब्या कशाला? जोर द्यायचाच तर ‘अ‍ॅब्सोल्यूटली’ म्हण. शिवाय हा गप्पांतला शब्द. रजेच्या अर्जात नको.

कालची पोरगी अजून विचारातच होती. औंढा नागनाथाचा नंदी देवळाच्या मागच्या बाजूला आहे. नामदेवांना कीर्तनाला पुढून हुसकलं, ते मागे जाऊन उभे राहिले, तर देऊळच त्यांच्याकडे फिरलं, असं इकडं घरोघरी सांगतात.

“सर,” ती म्हणाली, “देऊळ फिरलं तेव्हा नंदी फ्लॅबरगास्टेड झाला असंल. म्हणूनच जागचा हलला नाही.”