एकशेदहा अंशांचा मुलूख

रेंजफाइंडर कॅमेऱ्याची सारी प्रतिष्ठा त्याच्या दर्शनी अंगावरच्या दोन खिडक्यांवर उभी आहे. एकीतून समोरचे दृश्य सरळ दिसावे, दुसरीतून त्याच दृश्याची फिकी प्रतिमा आत यावी, आणि भिंगाचे कडे फिरवता फिरवता ती प्रतिमा मूळ दृश्यावर तंतोतंत बसली की अंतर कायम झाले असे समजावे, असा हा रोकडा व्यवहार. आणि १९५४ साली वेट्झ्लारच्या कारखान्याने ‘लायका एम-३’ बाजारात आणून तो इतका निर्दोष करून दिला की त्यानंतर त्यात फारशी दुरुस्ती करण्याची गरज कोणाला भासली नाही. अशा यंत्रावर १५ मिलिमीटरचे अतिविशाल भिंग चढवणे म्हणजे पिढीजात फडणिसाला दरमहा पगार चालू ठेवून त्याची लेखणी तेवढी काढून घेणे होय. कारण हे भिंग ८ च्या छिद्रावर ठेवून अंतर एका मीटरवर बांधून टाकले की अर्ध्या मीटरपासून क्षितिजापर्यंतचे सर्व काही रेखीव उमटते. मग त्या दोन प्रतिमा एकमेकींवर बसोत की न बसोत, त्यांची दखल घेण्याचे प्रयोजनच उरत नाही. चौकटीची कथाही तीच. एम-३ च्या खिडकीतील, चित्राची हद्द दाखवणाऱ्या चौकटी ५० मिलिमीटरपासून सुरू होतात, लायकाच्या पुढच्या फिल्म-कॅमेऱ्यांतही त्या २८ च्या पलीकडे गेल्या नाहीत, आणि म्हणून १५ च्या भिंगासाठी कॅमेऱ्याच्या माथ्यावरील खाचेत एक निराळा व्ह्यूफाइंडर बसवून त्यातून पाहावे लागते.

१९९९ साली जपानातील कोसिना या कंपनीने, १७५६ साली व्हिएन्नात सुरू झालेल्या फोक्टलेंडर या घराण्याचे नाव धारण करून, ‘सुपर वाइड-हेलियार’ हे १५ मिलिमीटरचे चिमुकले भिंग काढले, तेव्हा त्याच्या जोडीला तिने ‘बेसा-एल’ नावाचा जो कॅमेरा दिला त्यात रेंजफाइंडर नव्हता आणि व्ह्यूफाइंडरही नव्हता. ज्याचा उपयोग नाही ते ठेवूच नये, ही त्यामागची तर्कशुद्धता मला फार आवडते. जुन्या लायकाच्या भक्तांना मात्र तो विटाळ वाटला असल्यास नवल नाही.

मग प्रश्न असा, की खिडक्यांचे काम नाही आणि चौकटींचेही नाही, तर या जातीच्या कॅमेऱ्याचा आग्रह कशासाठी? उत्तर त्याच्या पोटात आहे, किंबहुना पोट रिकामे असण्यात आहे. एसएलआर कॅमेऱ्यात भिंग आणि फिल्म यांच्यामध्ये आरसा हलत असतो. त्याच्यासाठी जागा सोडावी लागत असल्याने विशाल भिंगाला फिल्मपासून दूर सरकून, वाकडी वाट करून प्रतिमा पाडावी लागते, आणि त्या वळशाची किंमत पुष्कळदा सरळ रेषा वाकण्यात चुकवावी लागते. रेंजफाइंडरमध्ये आरसा नाही. भिंगाचा मागचा भाग थेट फिल्मच्या निकट जाऊन बसतो, आणि भिंतीची कड, दाराची चौकट, तुळई या ज्या गोष्टी जगात सरळ आहेत त्या चित्रातही सरळ राहतात.

या सरळपणाचा कर प्रकाशाकडून वसूल होतो. मध्यबिंदूपासून किरण जसजसा तिरपा होत जातो तसतसा तो फिल्मवर क्षीण होतो, आणि १५ मिलिमीटरच्या कोपऱ्यात, ५५ अंशांच्या कलावर, साध्या गणिताने मध्याच्या सुमारे नवव्या हिश्श्याइतकाच प्रकाश पोचतो. या कराची चुकवेगिरी करण्यासाठी मोठमोठ्या बुद्धिमंतांनी ज्या तजविजी केल्या त्यांचा इतिहास मोठा रम्य आहे. बर्लिनच्या गर्त्स कंपनीने १९०० च्या सुमारास ‘हायपरगॉन’ नावाचे भिंग काढले, त्याच्या पुढ्यात चांदणीच्या आकाराचे एक चक्र बसवलेले असे. छायाचित्रकाराने रबरी फुगा दाबून वारा सोडला की ते गरगर फिरू लागे आणि मध्यभागाचा प्रकाश अडवून धरी, म्हणजे तेवढ्या अवधीत कोपऱ्यांना आपला वाटा मिळावा. रशियात रुसिनॉव्ह याने भिंगांचीच रचना अशी बेतली की कोपऱ्यांची उपासमार पुष्कळशी कमी व्हावी. १९६९ चे झाइसचे ‘होलोगॉन’ अवघ्या तीन भिंगांचे, छिद्र कायमचे ८ वर नेमलेले. त्याच्याबरोबर मध्यभागी गडद असलेली एक काच दिलेली असे, आणि हाताची बोटे चित्रात येऊ नयेत म्हणून कॅमेरा धरायला खाली मूठही! आपण आपल्याच चित्रात अनाहूत शिरावे, इतके हे भिंग सर्वग्राही असते. फिल्म हे तिरपे किरण निमूटपणे पत्करते. डिजिटल संवेदकांना ते सोसत नाहीत आणि चित्राच्या कडा जांभळट होतात, म्हणून या जुन्या भिंगांचे खरे घर अजूनही फिल्मच आहे.

काळोखे कोपरे मला स्वतःला खटकत नाहीत, आणि कार्ल्याच्या चैत्यगृहात तर ते हवेसेच वाटतात. सुमारे १२४ फूट लांबीचे ते दालन, वरच्या कमानीच्या गवाक्षातून स्तूपावर उतरणारा प्रकाश, छताला दोन हजार वर्षे बिलगून राहिलेल्या लाकडी कमानी, आणि दोन्ही अंगांना हत्तींवर बसलेली युगुले माथ्यावर तोलणारे स्तंभ. हे सारे एका चौकटीत घ्यावे या लोभाने मनुष्य दाराशी उभा राहतो, आणि मग स्तूप चित्रात एखाद्या बोरासारखा उरतो. विशाल भिंग सर्वांना सामावून घेण्यासाठी असते, हा समज सार्वत्रिक आहे आणि सर्वस्वी खोटा आहे. ते जवळ जाण्यासाठी असते. पहिल्या स्तंभाच्या घटाकृती पायथ्याला खांदा जवळजवळ टेकवून उभे राहावे, कॅमेरा पाण्याच्या बुडबुड्याने समतल करावा (तो किंचित वर उचलला गेला तरी दोन्ही रांगांतील स्तंभ आतल्या बाजूला कोसळू लागतात), श्वास रोखून एक पंधरांश सेकंदाचा शटर द्यावा. आरसा नसल्याने आणि भिंग एवढे आखूड असल्याने तो हातातही निभावतो. मग जो स्तंभ उमटतो तो दगडाच्या पापुद्र्यांसकट समोर उभा राहतो, आणि त्याच्यामागे उरलेली लेणी त्याच्या मुलखाप्रमाणे पसरलेली दिसते. निम्मे चित्र जमिनीने व्यापलेले असते, याची मात्र आधीच तयारी ठेवावी.

माणसांच्या बाबतीत हे भिंग निष्ठुर आहे. कडेला उभा राहिलेला गृहस्थ रुंद होतो, त्याचे डोके लांबट होऊन कोपऱ्याकडे ओढले जाते, आणि लोक भिंगाला दोष देतात. दोष भिंगाचा नव्हे; सपाट पृष्ठावर गोलाची प्रतिमा मध्यापासून दूर पडली की ती लंबवर्तुळच होते, हा भूमितीचा हुकूम आहे. राफाएलला तो माहीत असणारच. तरी व्हॅटिकनमधील ‘अथेन्सची पाठशाला’ या भित्तिचित्रात उजव्या कडेला दोन विद्वानांच्या हातांतले गोल त्याने पूर्ण वर्तुळाकार रंगवले, कारण लंबगोल गोल कोणी खपवून घेतला नसता. चित्रकाराला अशी सवलत मिळते, भिंगाला मिळत नाही.

परंतु हा ताणलेपणा एका ठिकाणाहून पाहिल्यास नाहीसा होतो, आणि ते ठिकाण गणिताने ठरलेले आहे: भिंगाची लांबी गुणिले चित्राची वाढ. ३६ मिलिमीटर रुंदीची निगेटिव्ह दहापट वाढवली तर छायाचित्र ३६ सेंटिमीटरचे होते आणि ते १५ सेंटिमीटरवरून पाहावे लागते. चाळिशी उलटलेल्या डोळ्यांना इतक्या जवळचे काहीच धड दिसत नाही. तेव्हा हे भिंग घेणाऱ्याने छायाचित्रे वीसपट तरी करून घ्यावीत, त्यात फिल्मचा दाणा दिसू लागला तरी दिसू द्यावा, आणि भिंतीपासून एका वितीहून थोडे अधिक अंतरावर नाक नेऊन ती पाहावीत. ज्यांच्या घरी एवढी भिंत मोकळी नसेल त्यांनी २८ मिलिमीटरचे भिंग घ्यावे; त्याचे दहापट छायाचित्र हातात धरून, नेहमी पुस्तक वाचतो तेवढ्या अंतरावरून, बिनतक्रार पाहता येते.