नागीण गेली, दुखणे उरले : उष्णतेचा कॅमेरा काय सांगतो?

अंगावरचे फोड सुकतात, खपल्या पडतात, फिकट डाग तेवढे मागे राहतात. घरातली माणसे म्हणतात, "चला, नागीण गेली एकदाची." पण ज्याला ती झाली होती, त्याचे दुखणे गेलेले नसते. कपडा नुसता लागला तरी आग होते, पंख्याचा वारा नकोसा वाटतो, रात्री मध्येच विजेचा झटका बसावा तशी कळ येते. पुरळ येऊन तीन महिने उलटले तरी त्या जागी दुखत राहिले, तर आम्ही डॉक्टर त्याला 'पोस्ट हर्पेटिक न्यूराल्जिया' म्हणतो. सोप्या भाषेत, नागिणीनंतरची नसांची वेदना.

माझ्याकडे येणाऱ्या अशा रुग्णांची आणखी एक तक्रार असते : "घरात कुणाला खरंच वाटत नाही." सत्तरी ओलांडलेल्या एक आजी पदर बरगड्यांपासून दूर धरूनच आत आल्या होत्या. मुलाने मोबाइलवर काहीतरी वाचले होते. त्याने विचारले, "डॉक्टर, उष्णता दाखवणारा कॅमेरा असतो ना? आईला खरंच दुखतंय का, ते त्यात कळेल?" हा प्रश्न आता बरेच जण विचारतात, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

वेदना येते कुठून?

लहानपणी कांजिण्या होऊन गेल्या, तरी त्यांचा विषाणू शरीरातून जात नाही. पाठीच्या कण्यालगतच्या नसांच्या गाठींमध्ये तो वर्षानुवर्षे गप्प बसतो. वय वाढले किंवा प्रतिकारशक्ती कमी झाली, की तो पुन्हा जागा होतो आणि एका नसेच्या वाटेने त्वचेपर्यंत येतो. म्हणून नागीण बहुधा शरीराच्या एकाच बाजूला, पट्ट्यासारखी उठते. (तिची दोन टोके जुळली की माणूस दगावतो, ही निव्वळ भीती आहे.) या प्रवासात नसेला इजा होते. त्वचा भरून येते, पण दुखावलेली नस मेंदूकडे चुकीचे निरोप पाठवतच राहते.

कॅमेरा काय टिपतो?

आपली त्वचा सतत अवरक्त किरण बाहेर टाकत असते. डोळ्यांना ते दिसत नाहीत, पण थर्मल कॅमेरा ते टिपून तापमानाचा रंगीत नकाशा तयार करतो. यात शरीरावर कुठलेही किरण सोडले जात नाहीत, सुई नाही, दुखणे नाही.

निरोगी माणसाच्या डाव्या आणि उजव्या बाजूचे तापमान जवळपास सारखे असते. फरक साधारण अर्ध्या अंशाच्या आत. त्वचेतल्या रक्तवाहिन्या किती रुंदावायच्या, हे नसा ठरवतात. नस चिडलेली असेल तर तिथे रक्त जास्त येते आणि तो पट्टा गरम दिसतो. नागीण ताजी असताना बहुधा असेच चित्र मिळते. पुढे मात्र एकाच प्रकारचे चित्र राहत नाही. काहींची दुखरी जागा गरमच राहते, काहींची उलट थंड पडते. सुरुवातीचा फरक पाहून पुढे वेदना टिकेल का, याचा अंदाज बांधण्याचे प्रयत्नही झाले आहेत, विशेषतः कोरियात. पण केवळ या चित्रावरून निदान करावे किंवा औषध ठरवावे, इतकी ती तपासणी अजून पक्की नाही.

ही तपासणी करायचीच असेल, तर त्या दिवशी दुखऱ्या भागावर तेल, बाम लावू नका. आधी चहा, कॉफी, तंबाखू टाळा. वाऱ्याचा झोत नसलेल्या, स्थिर तापमानाच्या खोलीत तो भाग उघडा ठेवून पंधरा-वीस मिनिटे बसावे लागते. नाहीतर पंख्याचा गारवाच चित्रात उमटेल.

कॅमेऱ्याला न दिसणारे

त्या मुलाला मी सांगितले, कॅमेरा तापमान मोजतो, वेदना नाही. दोन्ही बाजू सारख्या दिसल्या म्हणून "आईला काही होत नाही" असे ठरत नाही. मग मी कापसाचा बोळा घेतला. आजींच्या चांगल्या बाजूवरून फिरवला, त्यांना काही वाटले नाही. दुखऱ्या बाजूला तो नुसता टेकला आणि त्या अंग चोरून कळवळल्या. मुलगा बघत होता. त्यानंतर त्याने कॅमेऱ्याचे नाव काढले नाही. औषधे कशी द्यायची ते विचारले.

या आजाराचे निदान बहुतेक वेळा असेच होते : रुग्णाचे ऐकून आणि तपासून.

उपाय आहेत

नेहमीच्या वेदनाशामक गोळ्या इथे फारशा चालत नाहीत. गॅबापेंटिन, प्रीगॅबालिन, अमिट्रिप्टिलिन यांसारखी नसांवर काम करणारी औषधे, तसेच लिडोकेनच्या पट्ट्या यांचा उपयोग होतो. गोळ्या कमी मात्रेने सुरू करून हळूहळू वाढवाव्या लागतात. वयस्कर माणसांना त्यांनी गुंगी किंवा चक्कर येऊ शकते, म्हणून रात्री उठताना कुणीतरी हाताशी असावे. चार दिवसांत गुण आला नाही म्हणून गोळ्या मनाने बंद करू नका. बराच काळ घेतलेल्या तर अचानक मुळीच नको.

नागीण नुकतीच उठली असेल तर वेळ फार मोलाचा आहे. विषाणूविरोधी औषधे पुरळ उठल्यापासून ७२ तासांत सुरू झाली तर सर्वांत चांगली. गेरूचा लेप आणि उतारे यांत हे तास घालवू नका. कपाळावर, डोळ्याजवळ किंवा नाकाच्या शेंड्यावर फोड आले, तर त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञांना दाखवा. पन्नाशीनंतर घेता येणारी दोन डोसांची लसही २०२३ पासून भारतात मिळते. ती स्वस्त नाही, पण तुमच्या डॉक्टरांशी त्याबद्दल जरूर बोला.

आणि तुमच्या घरात कुणी "डाग गेले, तरी दुखतंय" असे म्हणत असेल, तर पुरावा मागू नका. त्यांना डॉक्टरांकडे घेऊन या.