गोव्याची पूड, ब्राझीलचं झाड

कोपरावरच्या सोरायसिसच्या चट्ट्यांसाठी मिळालेल्या मलमावर ‘डिथ्रॅनॉल’ हे नाव वाचलं, आणि सहज म्हणून शोधायला बसले. बसले ती मध्यरात्र उलटली तरी उठवेना! या औषधाची पाळंमुळं चक्क आपल्या गोव्यापर्यंत पोचलेली निघाली.

झाड ब्राझीलच्या बाहिया प्रांतातलं, अरारोबा. त्याच्या खोडातल्या भेगांमध्ये फिकट पिवळी पूड साचते. हवा लागली की ती काळपट तपकिरी होत जाते. खरवडणाऱ्यांच्या डोळ्यांची आग आग होते. पोर्तुगीजांबरोबर ती गोव्यात आली आणि नायट्यावर, गजकर्णावर अशी काही लागू पडली, की पुढे ‘गोवा पावडर’ म्हणूनच ओळखली गेली.

आणि मग १८७६! लंडनमधल्या एका रुग्णानं सोरायसिसलाच नायटा समजून ही पूड लावली, आणि चट्टे मावळले. त्याचे डॉक्टर, बाल्मानो स्क्वायर, यांनी हे नुसता योगायोग म्हणून सोडून दिलं नाही, सोरायसिसवरचं औषध म्हणून जगापुढे मांडलं. या माणसाला किती धन्यवाद द्यावेत! पुढे पहिल्या महायुद्धात जर्मनीला ब्राझीलचा माल मिळेना. तेव्हा पुडीतल्या क्रायसारोबिन या घटकाशी मिळताजुळता, फक्त एक मिथाइल गट कमी असलेला रेणू प्रयोगशाळेत तयार झाला, आणि १९१६ साली उना आणि गालेव्स्की यांनी तो वापरात आणला. तोच हा डिथ्रॅनॉल!

त्रास आहेच. चट्ट्याभोवतीची चांगली कातडी भाजल्यासारखी होते, टॉवेलवर पडलेले जांभळट-तपकिरी डाग धुऊन जात नाहीत. म्हणून डॉक्टर सांगतील तेवढाच वेळ लावायचं, मग धुऊन टाकायचं. चेहऱ्याला आणि जांघेत तर नकोच.

पण मला खरी झिंग आणली ती ऑस्ट्रियातल्या ग्राझच्या संशोधनानं. इतकी वर्षं वापरात असलेलं हे औषध नेमकं करतं काय, हे तिथल्या संशोधकांनी २०२० साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात रुग्णांच्या त्वचेचे तुकडे तपासून पाहिलं. आधी शांत होतात त्या त्वचेच्या वरच्या थरातल्या पेशी, केराटिनोसाइट. न्यूट्रोफिल या पांढऱ्या पेशींना चिथावणारे त्यांचे संदेश थंडावतात, आयएल-३६ या दाह भडकवणाऱ्या प्रथिनाची साखळी तुटते. प्रतिकारशक्तीच्या टी-पेशींची गर्दी मागाहून ओसरते! अभ्यास मोजक्याच रुग्णांवरचा आहे, तो मोठ्या प्रमाणावर व्हायलाच हवा. पण हाच आयएल-३६ अडवणारी नवी इंजेक्शनं आज सोरायसिसच्या एका गंभीर प्रकारावर दिली जातात, आणि खोडातल्या पुडीचा हा वंशज शंभर वर्षांपासून त्याच वाटेवर काम करत होता!