गल्लीची वही

रांजणगाव शेणपुंजीत आमची अभ्यासिका भरते ती बचत गटातल्या एका बाईच्या पत्र्याच्या खोलीत. दुपारी आत बसवत नाही, म्हणून मुलं दिवस कलल्यावर येतात. त्यांचे आईबाप वाळूजच्या कंपन्यांमध्ये, बहुतेक ठेकेदाराकडे. कोणी जालना-परभणीकडून आलेले, कोणी थेट बिहारहून. १९८५ साली बजाजचा कारखाना इथे सुरू झाला, त्यामागून सुटे भाग बनवणारे आले, आणि जोगेश्वरी, रांजणगाव, पंढरपूर या गावांत शेतांच्या जागी भाड्याच्या खोल्यांच्या रांगा उभ्या राहत गेल्या.

शहरातल्या एका महाविद्यालयाचे विद्यार्थी आमच्याकडे येतात. सुरुवातीला राष्ट्रीय सेवा योजनेचे यायचे. वर्षाला १२० तास, दोन वर्षांत २४०. गांधी जन्मशताब्दीच्या वर्षी, १९६९ला, सुरू झालेल्या या योजनेतूनच मीही वस्तीत पहिलं पाऊल टाकलं, म्हणून त्या मुलांची मी फार वाट पाहिली होती.

पहिल्या वर्षी ती फॉर्म घेऊन आली. वार कामाचा, वेळ सकाळी अकराची. निम्म्या दारांना कुलपं. उघड्या दारांआड नाइट करून आलेला माणूस झोपलेला. मुलांनी त्याला उठवून विचारलं, घरात किती जण, शौचालय आहे का. फॉर्म भरले, फोटो काढले, गेली. त्या माहितीचं पुढे काय झालं ते आम्हाला कोणी सांगितलं नाही. मला राग आला आणि तो मी त्यांच्या सरांना फोनवर बोलून दाखवला.

सर पुढच्याच आठवड्यात एकटे आले. सतरंजीवर बसले आणि म्हणाले, "ताई, तुमचं कुठलं काम अडलंय ते सांगा. पोरं त्याला जोडू."

काम होतं शाळेत न जाणाऱ्या मुलांचं. कोणत्या खोलीत कोण आहे, शाळा का सुटली, आणि ते मूल वर्गात बसेपर्यंत पाठपुरावा. आम्ही ठरवलं: एका गल्लीला दोन विद्यार्थी, वर्षभर तेच. शिफ्ट सुटल्यावर जायचं. प्रत्येक गल्लीची एक वही, आणि ती अभ्यासिकेतच राहील. जाणाऱ्या जोडीने येणाऱ्या जोडीला गल्ली स्वतः फिरवून दाखवायची.

एका वहीत नऊ वर्षांच्या एका मुलीची नोंद आहे. बिहारचं कुटुंब. शाळेने जन्माचा दाखला आणि आधीच्या शाळेचा दाखला मागितला होता. आमची विद्यार्थिनी २००९चा शिक्षण हक्क कायदा वाचून आली होती. वयाचा पुरावा नाही म्हणून प्रवेश नाकारता येत नाही, जुन्या शाळेच्या दाखल्यासाठी अडवून ठेवता येत नाही, वयाला साजेशा इयत्तेत बसवायचं, हे तिने मुख्याध्यापकांना शांतपणे दाखवलं. ते तयार झाले. तरी मुलगी शाळेत गेली नाही.

आमची विद्यार्थिनी आणखी तीन वेळा त्या घरी गेली. चौथ्या आठवड्यात तिने वहीत लिहिलं: "दाखल्याची अडचण नव्हती. अडचण धाकट्या भावाची आहे." आई फर्स्ट शिफ्टला, बाप सेकंडला, पण तो रात्री उशिरा येऊन झोपलेला. दोन वर्षांचं पोर बहिणीच्या कडेवर. हे त्या घरात पहिल्या दिवशी कोणी सांगितलं नसतं. फॉर्ममध्ये तर त्याला रकानाच नव्हता.

मग परीक्षा आल्या, ती विद्यार्थिनी गेली. जूनमध्ये नवी जोडी आली, वही वाचून थेट शेजारच्या आजींकडे गेली. आजी पोराला ठेवून घ्यायला राजी झाल्या. थोडे पैसे आई देते, थोडे बचत गट. मुलगी चौथीत बसली.

आता नव्या शैक्षणिक धोरणाने क्षेत्र प्रकल्पाला श्रेयांक आलेत, त्यामुळे येणारी मुलं वाढली. श्रेयांकासाठी येतात, हे मला खटकत नाही. खटकतं ते सत्र संपताच संबंध संपणं. सर दरवर्षी पहिल्या दिवशी त्यांच्याबरोबर येतात, हे माझ्या लेखी सगळ्यात मोलाचं.

गेल्या आठवड्यात नवी तुकडी आली. एक मुलगी उंबऱ्याशी बसून वह्या चाळत होती. बाकीचे चहाला उठले, तरी ती वाचतच होती. मग तिने विचारलं, "ताई, विहिरीमागच्या गल्लीची वही यात दिसत नाही?"

ती अजून कोणी केलेली नाही, मी म्हटलं. तिने पिशवीतून कोरी वही काढली.