भिंतीवरचा थेंब

४ जानेवारी, रविवार
माजघरातला सिमेंटचा गिलावा यंदाही फुगला. बोटाने ठोकलं तर पोकळ वाजतो. भिंत जांभ्याची, सांधे मातीचे. आतली ओल सिमेंटमुळे अडकून राहते आणि पावसाळा सरला की पोपडे धरतात. गवंडीकाका म्हणाले, "बाई, आधी होता तसा चुनाच करा." २६ वर्षं मी चुनखडीची समीकरणं फळ्यावर लिहिली. चुना मात्र या हातांनी कधी विरवलेला नाही. हे त्यांना सांगितलं नाही.

८ जानेवारी
चुनकळीची दोन पोती आली. एक ढेकूळ उचलून पाहिलं. दगडाच्या मानाने अगदीच हलकं. १०० किलो शुद्ध चुनखडी ९०० अंशांच्या आसपास भाजली की ४४ किलो कार्बन डायऑक्साइड होऊन उडून जाते, हाती ५६ किलो कळीचा चुना उरतो. म्हणजे जवळजवळ अर्धा दगड भट्टीच्या धुरात गेला. आमच्या किनाऱ्यावर पूर्वी शिंपल्याच भाजत. काळ्या दगडाच्या आणि जांभ्याच्या मुलखात चुनखडी आणणार कुठून? शिंपलाही कॅल्शिअम कार्बोनेटचाच.

९ जानेवारी
"कळीवर पाणी ओतायचं नाही. पाण्यात कळी सोडायची, आणि लांबून." काकांनी पिंपात चार ढेकळं सोडली. मिनिटभर काहीच होईना. कळी शिळी निघाली, असं मी म्हणणार तोच एक ढेकूळ तडकलं, मग दुसरं, आणि सगळं पिंप रटरटायला लागलं. वाफ पार कौलांपर्यंत. खाली जाळ नाही, काही नाही. वर्गात 'उष्मादायी अभिक्रिया' एवढं म्हणून मी पुढच्या ओळीवर जायची. पिंपाला हात लावून पाहिला आणि लगेच ओढून घेतला.

थंड झाल्यावर लोण्यासारखा लगदा खाली बसला. त्यावर चार बोटं पाणी ठेवलंय, वारा लागू नये म्हणून. सासूबाई पानाच्या डब्यातल्या चुन्यावर रोज पाण्याचे थेंब सोडायच्या, ते यासाठीच.

१६ जानेवारी
रात्री पिळलेल्या लिंबाची फोड शहाबादी फरशीवर पडून राहिली. सकाळी तिथे रुपयाएवढा पांढुरका, खरबरीत डाग. सून साबणाने घासत बसली होती. म्हटलं, सोड; डाग चढलेला नाही, फरशीच गेली आहे. शहाबादीही चुनखडीच, आम्लापुढे तिचं काही चालत नाही.

१ फेब्रुवारी, रविवार
गिलावा चढला. एक भाग चुना, तीन भाग वाळू, वर काकांच्या हट्टाने थोडं गुळाचं पाणी. पूर्वी बैल जुंपून दगडी घाणीत मळत. आम्ही फावड्यावर भागवलं.

शाळेतून निघताना आणलेली फिनॉल्फ्थॅलिनची बाटली काढून ओल्या भिंतीवर एक थेंब टाकला. लख्ख राणी रंग! शेजारचा पोरगा डोळे विस्फारून बघत होता. त्याला वाटीत हळद कालवून चुन्याचं बोट बुडवून दाखवलं. हळद लालभडक झाली. "कुंकू!" तो ओरडला. बरोबरच की, हळदीचं कुंकू असंच करतात.

८ मार्च, रविवार
पाच आठवडे काका सांगतील तसं भिंतीवर पाणी मारलं. नुसता वाळवून चुना घट्ट होत नाही. हवेतला कार्बन डायऑक्साइड आत मुरायला थोडी ओल लागते. आज पुन्हा थेंब टाकला. रंगच नाही, पाण्यासारखा ओघळून गेला. वरचा पापुद्रा परत चुनखडी झालाय.

मग किल्लीने जरा खरवडलं. दोन-तीन सूत खाली अजून गुलाबी. काका पाहतील तर ओरडतील, म्हणून भोक चुन्याच्या बोटाने बुजवलं आणि शेजारी पेन्सिलीने तारीख लिहून ठेवली.